तीन नंबरची झडप

तिने रजिस्टर खिडकीपाशी नेलं, एक पान उजेडात तिरकं धरलं आणि शाईच्या ओळीवरून बोट फिरवलं. मग दोन वर्षं मागचं पान काढलं. तीच शाई, तोच दाब, तीच उजवीकडे झुकलेली अक्षरं. चार वर्षं मागचं काढलं. तेच.

"वासही घेऊन बघा," मागून साहेब म्हणाले.

"घेतला. यंत्राच्या तेलाचा येतोय."

साहेब हसले, पण जपून. आठ वर्षांच्या सहवासात त्यांना एवढं कळलं होतं की ही बाई वास घेतला म्हणाली म्हणजे तिने तो खरंच घेतलेला असतो.

या कार्यालयाचं काम परवानगी देण्याचं होतं, पण त्याचा लौकिक होता तो परवानगी अडवण्याचा. अणुभट्टी बांधू म्हणणाऱ्या कंपनीने आधी इथे कागद पाठवायचे. काय काय बिघडू शकतं, किती वेळा बिघडेल, बिघडलंच तर कुणाचं काय होईल, हे सगळं आकड्यांत मांडायचं. मग तिच्यासारख्या तपासनिसांनी एकेका आकड्याचं मूळ खणत जायचं आणि बघायचं, की खाली खडक लागतो की भुसभुशीत माती. या खणण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. ऑफिसात तिला भिंग म्हणत. तोंडावर भिंगबाई.

यावेळची भट्टी नव्या जातीची होती. लहान, आटोपशीर, आणि कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे स्वतःची काळजी स्वतः घेणारी. भट्टी बंद केली म्हणून तिच्या पोटातली उष्णता लगेच विझत नाही, ती पुढे कितीतरी दिवस बाहेर काढत राहावी लागते. जुन्या भट्ट्यांना त्यासाठी पंप लागायचे, आणि पंपांना वीज. या भट्टीला पंपच नव्हता. खाली चार झडपा आणि वर एक उंच धुराडं. वीज गेली की झडपांना धरून ठेवणारे चुंबक सुटणार, झडपा आपल्याच वजनाने उघड्या पडणार, खालून गार हवा आत शिरणार आणि तापून वरून निघून जाणार. चारातली एक उघडली तरी भागणार होतं. चारही अडकल्या, तर पुढे काय होतं त्याची शंभर पानं होती. ती पानं वाचताना तिने दर वेळी समोरचा चहा बाजूला सारला होता.

म्हणजे सगळा डोलारा एका आकड्यावर उभा होता. झडप अडकण्याची शक्यता किती? ते शोधायला कंपनीने भट्टीचा एक सांगाडा उभा केला होता, आत इंधन नसलेला पण बाकी मापाला माप. दर सोमवारी त्याच्या चारही झडपा एकेक करून पाडायच्या आणि रजिस्टरात नोंद करायची. सहा वर्षं. बाराशे अठ्ठेचाळीस वेळा झडप पाडली, आणि अडकली शून्य वेळा.

"शून्य," ती म्हणाली. "साहेब, आमच्या न्हाणीघराचं दार वर्षातून दहादा अडकतं."

"तुमच्या दारामागे अठ्ठावीस इंजिनियर नसतील."

"आणि ही वेळ बघा. दहा वाजून दहा मिनिटं. सहा वर्षं, दर सोमवारी, दहा वाजून दहा. घड्याळाच्या जाहिरातीत असते तशी."

"माणूस वक्तशीर असेल."

"माणूस वक्तशीर असला तरी त्याला सर्दी होते, त्याची बस चुकते. एकदा तरी दहा वाजून अठरा मिनिटं झाली असती."

साहेबांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाला पुसला. "म्हणजे तुमचं म्हणणं काय? खोटं आहे?"

"कुठेतरी पाणी मुरतंय. एका बैठकीत बसून कुणीतरी हे भरलंय असं वाटतंय मला."

"पुढच्या शुक्रवारी सही हवीय, बाई. त्यांचे लोक रोज फोन करतात. चहाला बसलो की करतात, घरी जेवायला बसलो की करतात."

"मला सोमवारी तिकडे जायचंय."

"न कळवता?"

"कळवून. दहाला येते म्हणून कळवा." तिने रजिस्टर मिटलं. "मी आठला पोचेन."

घरी आली तेव्हा सासूबाई स्वयंपाकघरात वाटाणे सोलत बसल्या होत्या. नवरा लांबच्या कामावर होता, महिन्या-दीड महिन्याने यायचा. तोवर घरात तीन बायका, आणि त्यातली एक पावणेदोन वर्षांची. तिचं पाळण्यातलं नाव चांगलं भारदस्त होतं, पण गालांमुळे आणि लाकडी बाहुलीसारख्या ठाम बसण्यामुळे घरात ती ठकूच झाली होती. आत्ताही ती बाहेरच्या खोलीत जमिनीवर अंथरलेल्या पातळ गादीवर पाठमोरी बसून ठोकळ्यांचा मनोरा रचत होती. चार ठोकळे चढले की स्वतःच टाळ्या वाजवत होती.

"आज परत," सासूबाई म्हणाल्या. शेंगेतून नजर वर काढली नाही.

"काय परत?"

"तीनदा हाक मारली, दारातून. वळली नाही. हातातलं झाकण पडलं माझ्या, तरी ढिम्म. लहान पोर खुट्ट झालं की दचकतं गं."

"खेळात असेल, आई."

"असेल."

हा 'असेल' तिच्या चांगला ओळखीचा झाला होता. गेले दीड महिने तो घरात ठाण मांडून बसला होता. आधी ठकू उशिरा बोलते यावरून, मग ती हाकेला वळत नाही यावरून. सासूबाई भांडत नसत. त्या फक्त सांगत, आणि मग 'असेल' म्हणून बाजूला होत. भांडल्या असत्या तर बरं, असं तिला वाटे. भांडणाऱ्या माणसाला उत्तर देता येतं.

"थांबा, दाखवते," ती म्हणाली.

बाहेरच्या खोलीत जाऊन तिने गादीवर ठकूच्या मागे अलगद गुडघे टेकले. पुढे वाकली नाही, हात लावला नाही. सावलीसुद्धा पडू दिली नाही, खिडकी समोर होती. मग नेहमीच्या आवाजात म्हणाली, "ठकू."

ठकू गर्रकन वळली आणि पुढचे आठही दात दाखवून हसली.

"बघितलंत?"

सासूबाई दारात येऊन उभ्या होत्या. ओंजळीत सालपटं होती. "बघितलं," त्या म्हणाल्या. "तुझ्या हाकेला वळते ती. माझ्या नाही." आणि आत गेल्या.

हा टोमणा होता की काय, याचा ती ठकूचे हात धुताना विचार करत राहिली. टोमणाच असणार. दिवसभर पोर आपण सांभाळायची आणि संध्याकाळी आई आली की पोरीने तिच्याकडे झेप घ्यायची, हे कुणालाही टोचेल. टोचलं की माणूस दोष शोधतो. आपल्यात सापडला नाही तर पोरीत.

कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने तिने एक कागद चिकटवला होता. त्यावर तारखा, आणि प्रत्येक तारखेपुढे बरोबरची खूण. आजची खूण केली तेव्हा चाळीस पुरे झाले. चाळीस हाका, चाळीस वेळा वळली. सवडीने, कधी सकाळी ऑफिसला निघण्याआधी, कधी आल्या आल्या, तिने ते नेमाने केलं होतं. शिवाय जन्मल्यानंतर तिसऱ्या दिवशी दवाखान्यात कानांची तपासणी झाली होती, तिचाही कागद जपून ठेवला होता. कामावर कुणी चाळीस चाचण्यांच्या जिवावर काही सिद्ध करायला आलं असतं, तर तिने त्याला बस म्हटलं नसतं. पण हे ऑफिस नव्हतं. ही तिची ठकू होती, आणि ती वळत होती. डोळ्यांनी बघितलेलं होतं.

शनिवारी ठकूची नखं कापायला कात्री सापडेना, म्हणून तिने सासूबाईंची पिशवी उघडली. कात्री नव्हती. चष्म्याच्या डबीखाली घडी घातलेली एक चिठ्ठी होती, मोठ्या दवाखान्याच्या कान विभागाची. वर ठकूचं ते भारदस्त नाव, पूर्ण. खाली मंगळवारची तारीख.

तिने पुढचं वाचलंच नाही. घडी होती तशी घातली, डबी होती तशी वर ठेवली, आणि पिशवीची चेन होती तेवढीच, अर्धी, ओढली. हाताला ही शिस्त कामामुळे लागली होती. पाहिलेलं कळू द्यायचं नाही.

म्हणजे तिच्या माघारी हे चाललं होतं. ती ऑफिसात असणार, सासूबाई पोरीला कडेवर घेऊन जाणार, डॉक्टरांना काय काय सांगणार. आणि नवऱ्याला ठाऊक असेल? असणारच. परवा फोनवर तो उगाच विचारत होता, ठकू काय म्हणते, नवीन शब्द काही? तेव्हा तिला लाडाचं वाटलं होतं.

दिवसभर ती सासूबाईंशी लागेल तेवढंच बोलली. दुपारी कपडे वाळत घालायचं निमित्त करून दाराआड उभीही राहिली. खरंच हाक मारतात की नुसतं सांगतात, ते तरी बघावं. सासूबाईंनी हाक मारली. चांगली खणखणीत मारली, खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकला. ठकू वळली नाही. पण ठकू तेव्हा बादलीत दोन्ही हात घालून बसली होती, आणि पाण्यात हात असताना कुठलं पोर कुणाचं ऐकतं?

सोमवारी पावणेआठलाच ती सांगाड्यापाशी पोचली. शहराबाहेर एक मोठी पत्र्याची शेड होती, तिच्या मधोमध ते धुराडं छप्पर फोडून वर गेलेलं. फाटकावरच्या माणसाने ओळखपत्र उलटसुलट करून पाहिलं, आत फोन लावला, मग तिच्या चपलांकडे पाहिलं आणि डोक्यावर घालायची कडक टोपी दिली.

आत एकटा मिस्त्री होता. साठीला टेकलेला, ठेंगणा, शर्टाच्या खिशात खडू आणि कानावर पेन्सिल. इथे सगळे त्याला काका म्हणत असावेत. भिंतीवरच्या फळीवर खडूने कुणीतरी 'काकांचा पाना उचलू नये' असं लिहिलं होतं.

"दहाला येणार होतात ना, मॅडम?"

"लवकर सुटले. चालेल ना?"

"न चालायला काय." त्याने एक स्टूल पुसून पुढे केलं. "कागद खोटे वाटतात म्हणून आलात?"

बोलायचं नसलं की ती वही उघडत असे, तशी तिने उघडली.

"नाही, आले होते कंपनीचे लोक शनिवारी. म्हणाले, काका, एका बाईला तुमचं अक्षर आवडलेलं नाही."

"अक्षर चांगलं आहे. शाई एकच आहे."

"पेन एकच आहे ना." टेबलाच्या पायाला सुतळीने बांधलेलं एक जाड पेन त्याने उचलून दाखवलं. "मोकळं ठेवलं की पळवतात लेकाचे. सहा वर्षं हेच. कांडी संपली की त्याच जातीची आणतो."

"आणि दहा वाजून दहा?"

"दहाला भोंगा होतो. मग माझा चहा. तो झाला की पहिली झडप."

"कधी उशीर नाही?"

"कुणासाठी करू? घरी कोण आहे?" हे त्याने इतकं सरळ म्हटलं की तिला पान उलटावं लागलं. "रजेवर गेलोय, नाही असं नाही. पण सोमवार सोडून."

तिने वहीतले दोन प्रश्न खोडले. राहिला एकच, आणि तो विचारावा कसा ते तिला कळेना. या माणसाने एका बैठकीत बसून काही भरलं असेल असं आता वाटत नव्हतं. आणि ते वाटत नव्हतं म्हणूनच मन जास्त चाळवलं होतं. लबाड माणसाचं शून्य तिला समजलं असतं.

साडेआठ झाले. मिस्त्री उठला. एका हातात चिंध्या, दुसऱ्या हातात लांब नळीचा तेलाचा डबा, काखेत लाकडी हातोडी. लोखंडी जिना उतरून तो खाली झडपांपाशी गेला. ती मागोमाग गेली.

चारही झडपा ओळीने होत्या, प्रत्येक साधारण घराच्या दाराएवढी. त्याने पहिलीच्या चुंबकाचं बटण बंद केलं, हाताने तिला आधार देत हळूच खाली आणली, परत वर नेली, परत खाली आणली. कडा पुसल्या. बिजागरीत दोन थेंब सोडले. कान लावून ऐकलं. मग चुंबक चालू करून तिला होती तशी मिटवली आणि दुसरीकडे वळला.

"हे काय?" तिने विचारलं.

"हे काही नाही. तयारी."

"चाचणी दहाला ना?"

"चाचणी दहालाच. त्याच्या आधी जरा अंग मोकळं करून घेतो. आठवडाभर गप्प बसलेली असते ना बिचारी."

"दर सोमवारी?"

"एक नागा नाही." त्याच्या आवाजात अभिमान होता. "लिहिलेलंच आहे की तसं. चाचणीपूर्वी उपकरण सुस्थितीत असल्याची खात्री करावी. तुमच्याच ऑफिसचा शिक्का आहे त्या कागदावर."

होता. तिने ते वाक्य वाचलं होतं. वाचून पुढे गेली होती. इतक्या सरळ वाक्यापाशी कुणी थांबतं का?

तिसऱ्या झडपेपाशी तो जास्त वेळ थांबला. बटण बंद केलं तरी झडप हलली नाही. त्याने खांदा लावला. नाही. मग लाकडी हातोडीने वरच्या कोपऱ्यात एकदा, खाली एकदा, अगदी हलके, दार ठोठावावं तसं ठोकलं. झडप कुरकुरली आणि सुटली.

तिच्या हातातली पेन्सिल वहीवर टेकली होती, चालत नव्हती.

"ही अडकली होती," ती म्हणाली.

"अडकली नाही हो. रुसली. ही तीन नंबरची जरा हट्टी आहे. हवा दमट झाली की धरून बसते. मग बाकीच्याही बघून घ्याव्या लागतात, एकीची खोड दुसरीला लागते." तो तेल सोडत होता. "पण आपण आहोत ना."

"याची नोंद कुठे करता?"

"याची कसली नोंद? नोंद चाचणीची."

"किती वेळा झालं असेल असं? अंदाजे."

त्याने चिंधी खांद्यावर टाकली आणि तिच्याकडे नीट पाहिलं. आत्तापर्यंत ती तपासत होती. आता तो तिला तपासत होता. "का विचारताय, मॅडम?"

"काका, खरी भट्टी उभी राहील तेव्हा ही झडप वर्ष-वर्ष मिटलेली असणार. आणि एखाद्या दिवशी दुपारी, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, वीज जाणार. त्या दिवशी साडेआठला तिथे कोण असेल?"

वर पत्र्यावर पक्षी चालत होते, त्यांची नखं वाजत होती.

"पुढच्या सोमवारी हात नाही लावायचा," ती म्हणाली. "दहाला थेट चाचणी. महिनाभर तसंच."

"मग नाही पडायची ती. तीन नंबर तर नाहीच."

"तेच बघायचंय."

"म्हणजे ती नापास व्हावी असं वाटतं तुम्हाला?"

"नाही." आपला आवाज उगाच चढला हे तिचं तिलाच कळलं. ती हळू म्हणाली, "पास व्हावी असंच वाटतंय. पण तुम्ही शेजारी नसताना."

मिस्त्रीने हातोडी उचलली आणि मुठीवरची धूळ अंगठ्याने पुसत राहिला. "मी काही लपवलं नाही," तो म्हणाला. "लिहिलंय ते सगळं झालंय. सहा वर्षं."

"माहीत आहे, काका."

"ती चुकू नये म्हणून करत होतो. एवढा जीव लावलेल्या वस्तूची परीक्षा, आणि आपण नुसतं लांब उभं राहायचं? कसं जमायचं?"

दहाला भोंगा झाला. त्याने चहा घेतला, तिलाही दिला. दहा वाजून दहा मिनिटांनी चारही झडपा एकापाठोपाठ एक धाडकन उघड्या पडल्या, एकही अडखळली नाही, आणि खालून गार हवेचा झोत धुराड्यात शिरला. सुतळीचं पेन ओढून घेऊन त्याने नोंद केली. उजवीकडे झुकलेली अक्षरं. साक्षीदाराच्या रकान्यात तिने सही केली. खोटं काहीच नव्हतं.

परतीच्या गाडीत तिने साहेबांना फोन लावला.

"काय, एका बैठकीत लिहिलंय?" साहेबांनी विचारलं.

"नाही. त्यातलं एक अक्षरही खोटं नाही."

"वाचलो. मग शुक्रवारी सही."

"म्हणूनच नाही करता येत, साहेब."

तिने सांगितलं. साहेबांनी मध्ये एकदाही विनोद केला नाही. शेवटी म्हणाले, "बाराशे अठ्ठेचाळीसचं काय राहिलं मग?"

"काहीच नाही. त्यांनी झडपा तपासल्याच नाहीत. काकांना तपासलं. काका बाराशे अठ्ठेचाळीस वेळा पास झाले."

"आणि आपण शिक्का मारला."

"मी मारला. ते पान माझ्याकडेच होतं."

"घरी जा आज लवकर," साहेब म्हणाले. "फाटे उद्या फोडा." मग, "उद्या याल ना?"

"येते," ती म्हणाली. फोन ठेवला, आणि बाहेर पळणाऱ्या विजेच्या खांबांकडे बघत बसली. तळहाताला तेलाचा वास येत होता. झडपेला तिने हात कधी लावला ते तिला आठवेना.

घराचं दार लोटलेलंच होतं. दुपारचे साडेतीन झाले असतील. सासूबाई स्वयंपाकघरात भांडी पुसून ठेवत होत्या. ठकू गादीवर पाठमोरी बसली होती. केस मागे चिकटलेले, म्हणजे नुकतीच झोपून उठलेली. मनोरा तीन ठोकळ्यांचा झाला होता, चौथा हातात होता.

रोजच्यासारखी ती पुढे झाली. पिशवी खांद्यालाच. रोजच्यासारखा चपलेतून सुटलेला पाय गादीच्या कडेवर पडला, आणि पातळ गादी पलीकडच्या टोकापर्यंत थोडी दबली. तीन ठोकळ्यांचा मनोरा किंचित डुलला.

ठकूची मान वळायला लागली होती. पण चौथा ठोकळा हातातून निसटला आणि तिचं लक्ष त्याच्यामागे गेलं.

तिने पाय उचलून घेतला.

मग ती मागे सरकली. एक पाऊल, दोन पावलं, गार फरशीवर, पार दाराच्या चौकटीपर्यंत. सासूबाई नेहमी जिथे उभ्या राहत तिथे. खांद्यावरची पिशवी वाजू नये म्हणून कोपराने घट्ट धरली. मनोरा स्थिर होईपर्यंत थांबली.

"ठकू," ती म्हणाली.

ठकूने निळ्या ठोकळ्यावर पिवळा ठेवला.

"ठकू."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

"ठकूबाई," ती म्हणाली, आता मोठ्याने, इतक्या मोठ्याने की खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकायला लागला. ठकूने दोन्ही हात मागे घेऊन चार ठोकळ्यांकडे पाहिलं आणि स्वतःच टाळ्या वाजवल्या.

कुत्रा भुंकून भुंकून गप्प झाला. मग ती पुढे गेली आणि गादीवर गुडघे टेकले. गादी दबली. ठकू गर्रकन वळली, आईला पाहिलं, आणि आठही दात दाखवून हसत दोन्ही हात वर केले.

तिने तिला उचललं. ओठ कानाला लावले, पण काही बोलली नाही. तिथल्या केसांना झोपेचा, घामाचा वास होता.

पोरीला कडेवर घेऊन ती स्वयंपाकघरात आली. सासूबाई हातात कोरडं पातेलं घेऊन तशाच उभ्या होत्या.

"आई," ती म्हणाली, "उद्या किती वाजता निघायचं?"

तुला कसं कळलं, असं त्यांनी विचारलं नाही. पातेलं फळीवर ठेवलं.

"महिना-महिना नंबर लागत नाही तिथे," त्या म्हणाल्या. "म्हणून नुसता घेऊन ठेवला होता. आज सांगणारच होते तुला. तू नको म्हणाली असतीस तर फाडून टाकणार होते."

"किती वाजता?"

"साडेनऊला निघू. तिघी जाऊ."

मग त्यांनी पुढे येऊन तिच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली. ती अजून तिने कोपराखाली घट्ट दाबून धरली होती.